पक्षकाराच्या छायेत : काका बॅप्टिस्टा आणि आपले चरित्रलेखन

मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक जीवनात कोर्टाच्या पायऱ्या चढून राजकारणात आलेल्या माणसांची रांग मोठी आहे. काशिनाथ त्र्यंबक तेलंग, फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी, चिमणलाल सेटलवाड, मुकुंदराव जयकर, नरसिंह चिंतामण केळकर. नावे घेत गेलो तर पान पुरणार नाही. यांपैकी काहींनी स्वतःविषयी लिहून ठेवले. केळकरांच्या ‘गतगोष्टी’, जयकरांची दोन खंडांतील इंग्रजी आत्मकथा, पुढच्या पिढीतील छगलांचे ‘रोझेस इन डिसेंबर’ ही पुस्तके अभ्यासकांच्या हाताशी आहेत; आणि ज्यांनी स्वतः लिहिले नाही त्यांच्याविषयी इतरांनी लिहिले. या रांगेत उभे राहण्याचा ज्यांचा अधिकार कोणाहूनही उणा नाही अशा बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या वाट्याला मराठीत काय आले, असे विचारले तर मात्र आपण चाचरतो. एक नाव, एक घोषणा आणि माझगावच्या टेकडीवरची एक बाग, एवढीच पुंजी पुढे करता येते.

काकांचा गौरव करण्याचा येथे हेतू नाही. गौरवलेख पुष्कळ झाले आहेत. आपल्या समाजाच्या नियतकालिकांतून मार्च महिना उजाडला की ते नेमाने येतात. त्या लेखांचे आणि त्यांच्यामागील समजुतींचे परीक्षण करावे, आणि इतक्या भरघोस आयुष्याचे इतके पातळ चित्र का उरले याचा विचार करावा, एवढाच हा प्रयत्न आहे.

आयुष्याची रूपरेषा थोडक्यात सांगता येते. जन्म १७ मार्च १८६४, माझगावच्या म्हातारपाखाडीत. वडील भाईंदरजवळच्या उत्तनचे. शालेय शिक्षण माझगावच्या सेंट मेरीज शाळेत, पुढे पुण्यास, नंतर केंब्रिज, आणि बॅरिस्टर होऊन परत मुंबई. १९०१ पासून सुमारे सतरा वर्षे महानगरपालिकेचे सभासद. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांच्या बाजूला, १९१० च्या नाशिक कट खटल्यात विनायक दामोदर सावरकरांच्या बाजूला. १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांत, आणि १९२१ मध्ये झरिया येथे भरलेल्या तिच्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष. १९२५-२६ साली मुंबई महापालिकेचे प्रमुख. १९३० मध्ये मृत्यू, दफन शिवडीस. यांतल्या कोणत्याही एका वाक्यावर एक ग्रंथ उभा राहू शकेल.

ग्रंथ उभा राहिला तो इंग्रजीत, आणि मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. के. आर. शिरसाट यांचे चरित्र पॉप्युलर प्रकाशनाने १९७४ साली प्रसिद्ध केले. काकांचे नाव विस्मृतीतून वर काढल्याचे श्रेय त्या पुस्तकाला द्यावेच लागेल. तक्रार आहे ती त्याच्या उपशीर्षकाबद्दल, कारण पुढच्या सगळ्या लेखनाने पुस्तकापेक्षा उपशीर्षकच अधिक उचलले. त्यात काकांना भारतातील होमरूल चळवळीचे ‘फादर’ म्हटले आहे. धनंजय कीरांनी १९५९ च्या आपल्या इंग्रजी टिळकचरित्रात टिळकांनाही स्वातंत्र्यलढ्याचे ‘फादर’ केले होते. इंग्रजी चरित्रांच्या मुखपृष्ठांवर पितृत्व असे उदारपणे वाटले जाते. आपल्या समाजात ‘फादर’ या शब्दाला एक निराळा आणि नेमका अर्थ आहे, हे तरी ध्यानात ठेवून आपण तो जपून वापरायला हवा होता! चळवळीचा पिता ठरविला की तिचे इतर जन्मदाते बाजूला सारावे लागतात, आणि मग चरित्राचे रूपांतर वारसाहक्काच्या दाव्यात होते.

काकांविषयीचे आपल्या समाजातील लेखन असे दाव्याच्या स्वरूपाचे झाले आहे. त्यातील काही विधाने इतक्या वेळा उद्धृत झाली आहेत की ती तपासणे हाच आता उद्धटपणा वाटावा. तरीही ती तपासली पाहिजेत. टिळक आणि बॅप्टिस्टा यांची पहिली भेट केंब्रिजला झाली, असे एक विधान आढळते. टिळकांनी इंग्लंडच्या भूमीवर पाऊल ठेवले ते आयुष्यात एकदाच, चिरोलवरील खटल्याच्या निमित्ताने, १९१८ साली. काकांचे केंब्रिज आटोपून त्या वेळी दोन दशके होत आली होती. ही भेट घडणे शक्यच नव्हते. दुसरे विधान असे की, सार्वजनिक गणेशोत्सवाची कल्पना काकांनी टिळकांना सुचविली. गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले ते १८९३ च्या सुमारास; त्या काळी या दोघांचा इतका निकटचा संबंध होता हे आधी सिद्ध करावे लागेल, आणि आपल्या लेखांतून ते कोणी सिद्ध करीत नाही. एका ख्रिस्ती माणसाने गणपतीच्या उत्सवाला हातभार लावला ही कथा आपल्याला आवडते, कारण तिच्यात सलोख्याचे एक सोयीस्कर चित्र आहे. कथा आवडते हा तिच्या खरेपणाचा पुरावा होत नाही.

तिसरे विधान ‘महापौर’ या शब्दासंबंधी आहे. ते अगदीच चूक नाही. पण काका ज्या पदावर बसले त्याचे नाव त्या काळी महापालिकेचे अध्यक्ष असे होते, ‘मेयर’ ही संज्ञा मुंबईत आली ती १९३१ साली, म्हणजे काकांच्या मृत्यूनंतर. पद तेच, नाव नंतरचे. इतक्या बारीक गोष्टीवर अडून बसणे कोणाला कोतेपणाचे वाटेल. परंतु चरित्रकाराची आपल्या विषयाविषयीची आस्था अशा तपशिलातच दिसते. ज्याला अध्यक्षांच्या खुर्चीत बसून काका काय करीत होते हे जाणून घ्यायचे असते, तो खुर्चीचे नावही शोधून काढतो.

सर्वांत मोठा दावा अर्थातच ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ या उद्गारासंबंधीचा. हे शब्द मूळचे बॅप्टिस्टांचे आणि टिळकांनी ते उचलले, असे आपण ठामपणे सांगतो. या परंपरेत तथ्य असू शकेल. टिळकांनी हा उद्गार गाजविला तो होमरूलच्या काळात, आणि त्या काळात इंग्रजी मसुदे, निवेदने, घटनात्मक शब्दयोजना यांसाठी काका त्यांच्या अगदी जवळ होते. पण समकालीन लेखी आधार पुढे न मांडता ते विधान निकालपत्रासारखे वाचून दाखविणे, हे एका निष्णात वकिलाच्या स्मृतीशी विसंगत आहे. शिवाय येथे एक अधिक खोल प्रश्न आहे आणि तो वाङ्मयीन आहे. वकील मसुदा करतो, पण तो मसुदा पक्षकाराचा असतो. कैफियतीतील वाक्य कोणाच्या लेखणीतून उतरले हे न्यायालय विचारीत नाही. ते ज्याच्या नावाने दाखल होते त्याचे होते, आणि त्याचे परिणामही तोच भोगतो. टिळकांनी त्या वाक्याची किंमत चुकवली होती. काकांनी ते वाक्य खरोखर घडविले असेल, तर ते दुसऱ्याच्या ओठी जावे यासाठीच घडविले असणार. त्यावर शंभर वर्षांनी आपण स्वामित्वहक्क सांगत बसलो, तर वकिलाच्या धर्माचाच आपल्याला विसर पडला असे होईल.

काकांचे चरित्र पातळ का झाले याचे एक उत्तर येथे सापडते. वकिलाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावाने नोंदले जाते. केळकरांनी १९२३ ते १९२८ या काळात तीन खंडांत टिळकचरित्र लिहिले. कीरांनी सावरकर लिहिले, टिळक लिहिले. या ग्रंथांत बॅप्टिस्टा येतात ते खटला उभा राहिला की, आणि खटला संपला की जातात. याला मी पक्षपात म्हणणार नाही. चरित्राचा नायक टिळक असेल तर त्याचा वकील त्यात वकिलापुरताच येणार. दोष असेल तर तो आपला आहे, कारण वकिलाच्या बाजूने तोच खटला पुन्हा लिहून पाहावा हे आपल्यापैकी कोणालाही सुचले नाही.

तसे करून पाहिले तर काय हाती लागते याचा एक नमुना देतो. २४ जून १९०८ रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. जामिनाचा अर्ज जिनांनी चालविला. न्यायमूर्ती दावर यांनी तो फेटाळला. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांचे वकील होते, हा योगायोग सर्वच चरित्रकारांनी रंगवला आहे, आणि तो रंगविण्याजोगा आहेही. त्यानंतरचा प्रसंग मात्र बहुधा दोन ओळींत उरकला जातो. सरकारपक्षाने खटला खास ज्यूरीपुढे चालावा अशी मागणी केली. तिला टिळकांच्या वतीने विरोध करण्यास बॅप्टिस्टा उभे राहिले. खास ज्यूरी म्हणजे प्रामुख्याने युरोपियनांची ज्यूरी. आणि खटला होता ‘केसरी’तील मराठी लेखांवर. ज्यांना मराठी येत नाही ते मराठी लेखाचा रोख कसा ठरविणार, भाषांतरावर विसंबून एखाद्याला राजद्रोही कसे म्हणणार, हा त्या विरोधाचा गाभा होता. विरोध फोल ठरला. सात युरोपियन आणि दोन पारशी अशी ज्यूरी बसली. मराठी मातृभाषा असलेला त्यांत एकही नव्हता. टिळकांनी पुढे स्वतःच आपला बचाव केला, एकवीस तासांहून अधिक वेळ भाषण केले, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन एकेका मराठी शब्दाच्या इंग्रजी पर्यायाची चिरफाड केली. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन अशा मतांनी ज्यूरीने दोषी ठरविले आणि सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली.

या खटल्यातील टिळकांचे भाषण महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्या भाषणातला भाषेचा मुद्दा, म्हणजे मराठी मजकुराचा न्याय मराठी जाणणाऱ्यांनी करावा हा मुद्दा, खटला उभा राहण्याआधीच न्यायालयापुढे मांडला गेला होता, आणि तो मांडणारा माणूस म्हातारपाखाडीचा कॅथलिक होता. मला ही घटना त्या प्रसिद्ध घोषणेपेक्षा कितीतरी अधिक मोलाची वाटते. तिला कागदोपत्री आधार आहे. खटल्याचा समग्र वृत्तांत केळकरांनीच छापून ठेवला आहे. आणि आपल्या समाजाच्या दृष्टीने तिचा अर्थ फार खोलवर जातो. ईस्ट इंडियन घरांत बोलली जाणारी बोली ही मराठीचीच बोली. परंतु शाळा इंग्रजी, नोकरी इंग्रजी, आणि चर्चमधील भाषा काही लॅटिन, काही पोर्तुगीज, अशा परिस्थितीत मराठी ही स्वयंपाकघरातली आणि शेतावरची भाषा होऊन बसली होती. ती ज्यांच्या घरची होती त्यांनाच तिचा संकोच वाटे. अशा समाजातून आलेला, केंब्रिजला शिकलेला बॅरिस्टर हायकोर्टात इंग्रजीतून सांगतो की, मराठी ज्यांना कळत नाही ते येथे न्याय देण्यास अपात्र आहेत. आपल्या कोणत्याही जयंतीलेखात हा प्रसंग मध्यभागी आलेला माझ्या वाचनात नाही.

त्या काळच्या समाजाची मनोवृत्ती लक्षात घेतली म्हणजे या भूमिकेचे वजन कळते. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. मुंबई, साष्टी, वसई परिसरातील मूळच्या ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले त्यामागे रेल्वे, बंदर, कचेऱ्या यांतील नोकऱ्यांचा प्रश्न होता. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती उमेदवारांपासून आपण निराळे आहोत, ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्याशी आपले नाते जुने आहे, हे त्या नावातून सांगायचे होते. यात लाज वाटावी असे काही नाही. पोटाचा प्रश्न होता. पण ज्या समाजाने राज्यकर्त्यांशी जवळीक दाखविणारे नाव धारण केले, त्याच समाजातला माणूस वीस-एकवीस वर्षांनी राज्यकर्त्यांच्या सर्वांत मोठ्या शत्रूशेजारी बसला. त्या वेळी मुंबईचे ख्रिस्ती पद्रुआदो आणि प्रोपागांडा या दोन अधिकारक्षेत्रांत विभागलेले होते, ती दुही १९२८ पर्यंत चालली, आणि समाजाची पुष्कळशी वादशक्ती त्या भांडणात खर्च होत होती, हेही विसरून चालणार नाही. काकांच्या निर्णयाला घरातून, पाखाडीतून, धर्मग्रामातून काय प्रतिसाद मिळाला असेल? चरित्रकाराला खरे आव्हान आहे ते येथे.

नाशिक खटल्याविषयी आपण बोलतो तेव्हा आवाज आणखी खाली येतो. १९१० च्या सप्टेंबरात तीन न्यायमूर्तींच्या खास न्यायाधिकरणापुढे तो सुरू झाला. ज्यूरी नाही, अपील नाही. न्यायासनावर मुख्य न्यायाधीश बेसिल स्कॉट, नारायणराव चंदावरकर आणि हीटन. सावरकरांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत बॅप्टिस्टा प्रमुख होते. फ्रेंच भूमीवर झालेल्या अटकेच्या वैधतेचा प्रश्न तेव्हा आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाण्याच्या मार्गावर होता, आणि खुद्द आरोपीने या न्यायालयाचा अधिकारच मानण्याचे नाकारले होते. पक्षकार न्यायालय मानीत नाही आणि वकिलाला तर न्यायालयापुढेच बोलायचे आहे, यासारखी अवघड अवस्था वकिलाच्या वाट्याला क्वचित येते. पुढच्या काळातील राजकारणामुळे या प्रसंगाचा उल्लेख दोन्हीकडे अवघड झाला. सावरकरांच्या भक्तांना त्यांचा वकील कॅथलिक होता हे फारसे सांगावेसे वाटत नाही, आणि कॅथलिकांना आपला काका सावरकरांचा वकील होता हे सांगताना घोटाळल्यासारखे होते. दोघांनी मिळून एक पान फाडून टाकले आहे. ज्याचे मत पटत नाही त्याच्याही बाजूने उभे राहता येते, ही वकिली व्यवसायाची मुळाक्षरे आहेत. आणि काकांना त्या तरुणाचे कोणते मत पटत होते व कोणते नव्हते, हे आपण आजच्या चष्म्यातून ठरविणे बरोबर नाही.

होमरूलचे प्रकरण मात्र गौरवलेखांना सर्वाधिक प्रिय. डिसेंबर १९१५ मध्ये पुण्यात राष्ट्रीय पक्षाची जी परिषद भरली तिचे अध्यक्षस्थान बॅप्टिस्टांकडे होते. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावला लीग स्थापन झाली तेव्हा अध्यक्ष बॅप्टिस्टा, चिटणीस केळकर. टिळकांनी स्वतःकडे कोणतेही पद घेतले नाही. पुढच्या एप्रिलपर्यंत लीगची सभासदसंख्या चौदा हजारांवर गेली. होमरूल हा शब्दच आयर्लंडचा. १८९३ मध्ये ग्लॅडस्टनचे दुसरे विधेयक लॉर्डांनी फेटाळले, त्यानंतर काही वर्षांतच काका केंब्रिजला होते. आयरिश प्रश्न त्यांनी जवळून पाहिला असणार, असे अनुमान करता येते. येथवर सगळे ठीक. पण एक विसंगती कोणी टिपत नाही. टिळकांच्या लीगचे कार्यक्षेत्र महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत व वऱ्हाड असे होते, आणि मुंबई शहर त्यातून वगळलेले होते. ते अॅनी बेझंट यांच्या लीगकडे गेले. म्हणजे जन्म माझगावचा, वकिली मुंबईची, पालिका मुंबईची, आणि अध्यक्षपद अशा संघटनेचे की जिच्या नकाशात मुंबई नाही! ज्या लोकांत हा नेता रोज वावरत होता त्यांच्यापर्यंत त्याची संघटना पोहोचण्याची वाटच नव्हती. आपल्या समाजातून काकांच्या मागे फारसे लोक का गेले नाहीत, याची चर्चा आपण नेहमी समाजाच्या राजनिष्ठेच्या अंगाने करतो. संघटनेच्या या रचनेचाही त्यात काही वाटा होता की काय, हे पाहायला हवे.

‘काका’ या नावाविषयीही थोडे बोलले पाहिजे. टिळकांच्या वर्तुळात प्रत्येकाला घरचे एक नाव असे: केळकर ते तात्यासाहेब, खापर्डे ते दादासाहेब, खाडिलकर ते काकासाहेब. ब्राह्मणबहुल वर्तुळात एका ख्रिस्ती बॅरिस्टराला असे नाव मिळणे ही खरोखर अपूर्व गोष्ट होती. त्या नावाने अंतर मिटले. पुढे मात्र तेच नाव झाकणासारखे वापरले गेले. ‘आमचे काका’ म्हटले की त्यांची मते विचारण्याची गरज उरत नाही. प्रेमळ नात्याखाली राजकारणी माणूस दडून जातो. आपल्या लेखांतून भेटणारे काका हसतमुख आणि सर्वांना प्रिय आहेत, पण त्यांचे कोणाशी मतभेद झाले, कोठे ते हरले, हे त्यांतून कळत नाही. टिळकांच्या निधनानंतरची दहा वर्षे म्हणूनच या लेखांना जड जातात. टिळकपक्षातील अनेकांप्रमाणे काकांचेही असहकाराच्या कार्यक्रमाशी जुळले नाही. न्यायालयांवर बहिष्कार घाला, या हाकेला ज्याचे सगळे सार्वजनिक आयुष्य न्यायालयातून उभे राहिले तो माणूस काय उत्तर देणार? मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांनी वकिली सोडली. काका त्या वाटेने गेले नाहीत, आणि गांधीयुगात ते राष्ट्रीय राजकारणाच्या मध्यभागी राहिले नाहीत. यात उणेपणा आहे असे वाटून आपण ती दहा वर्षे घाईने ओलांडतो. १९२० च्या जानेवारीत अरविंद घोषांनी पाँडिचेरीहून बॅप्टिस्टांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. मुंबईहून नव्या पक्षाचे इंग्रजी दैनिक काढावे आणि त्याचे संपादन अरविंदांनी करावे अशी काकांची विनंती होती. ती त्यांनी आदरपूर्वक नाकारली. त्या पक्षाच्या नावात ‘सोशल डेमॉक्रॅटिक’ असे शब्द होते. टिळक हयात असतानाच बॅप्टिस्टांच्या मनात कोणते राजकारण आकार घेत होते याची ही मोठी खूण आहे, आणि ती अरविंदांच्या वाङ्मयात जपली गेली, आपल्या नव्हे.

त्या राजकारणाचा धागा कामगारांपाशी जातो. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा होताच मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस, शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एक, असा संप केला होता. बारा वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईत ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरले, त्याच्या उभारणीत बॅप्टिस्टा होते. आणि पुढच्या वर्षी झरियाच्या कोळसाक्षेत्रात ते स्वतः अध्यक्ष. बॅरिस्टर मंडळींचे हे कामगारप्रेम वरवरचे होते अशी टीका पुढे डाव्यांनी केली आहे, आणि तीत काही अर्थ नाही असे मी म्हणणार नाही. तथापि त्या वर्षांतील कायद्याची स्थिती पाहावी. कामगारसंघाला संरक्षण देणारा कायदा झाला तो १९२६ साली. त्यापूर्वी संप घडवून आणणे म्हणजे मालक-मजूर करार मोडण्यास चिथावणी देणे, असा दावा मालकाला लावता येई. मद्रासमध्ये बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध गिरणीमालकांनी असाच दावा केला आणि न्यायालयाने मनाई हुकूम दिला. अशा दिवसांत संघाच्या अध्यक्षपदी कायदा जाणणारा माणूस असणे ही शोभेची गोष्ट नव्हती. मजुरांना भाषण करणारे पुष्कळ मिळाले असते. नोटिशीला उत्तर कसे द्यावे हे सांगणारा दुर्मिळ होता.

येथे कॅथलिक लेखकाला एक मोह होतो. तेराव्या लिओ यांचे कामगारांच्या स्थितीवरील परिपत्रक १८९१ चे. काका तेव्हा सत्तावीस वर्षांचे. दोन्हींचा सांधा जुळवून काकांची कामगारनिष्ठा चर्चच्या सामाजिक शिकवणीतून उगम पावली असे लिहून टाकणे फार सोपे आहे, आणि ते वाचायला गोडही लागेल. काकांच्या स्वतःच्या लेखनातून किंवा भाषणातून तसा दुवा कोणी काढून दाखवीपर्यंत हा मोह आवरावा. ब्रिटिश मजूरपक्षाशी त्यांचा संबंध १९१७-१८ च्या इंग्लंडमधील वास्तव्यात आलाच होता. उगम तेथेही असू शकतो.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला चरित्रलेखनाचे भान नाही असे कोणी म्हणणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची मिरास आपली आहे. त्या ग्रंथाचे सामर्थ्य असे की, ज्याच्यावर अपार प्रेम आहे त्या माणसाच्या हट्टाचे, विसरभोळेपणाचे, अव्यवहाराचे वर्णन लक्ष्मीबाई हातचे न राखता करतात, आणि त्यामुळे नारायण वामन टिळक आपल्याला मोठे वाटतात. कॅथलिक परंपरेत आपण बहुधा संतचरित्रांवर वाढलो. तेथे गुणांची माळ ओवायची असते. राजकारणी वकिलाच्या चरित्राला ती पद्धत मानवत नाही. त्याचे आयुष्य तडजोडीचे, अर्धवट विजयांचे, हरलेल्या अर्जांचे असते. खास ज्यूरीविरुद्धचा अर्ज हरला, सावरकरांचा बचाव हरला, अरविंदांना केलेली विनंती नाकारली गेली, शहर लीगबाहेर राहिले. हे हरणे वगळले तर उरणारा माणूस पुतळा करण्यास उपयोगी पडतो, वाचण्यास नाही.

आणि पालिकेतील काळ? त्याविषयी तर आपल्याकडे अक्षरही नाही म्हटले तरी चालेल. काका सभासद झाले तेव्हा १८९६ पासूनची प्लेगची साथ शहराला सोडीत नव्हती, आणि १८९८ मध्ये स्थापन झालेला इंप्रूव्हमेंट ट्रस्ट जुन्या वस्त्या पाडून रस्ते काढीत होता. माझगाव, डोंगरी, भायखळा या भागांतील गरिबांचे संसार उठत होते. पालिकेच्या सभांचे इंग्रजी कार्यवृत्त छापले जात असे. पाणी, मोऱ्या, चाळी, घरपट्टी यांवर या सभासदाने कोणत्या सभेत काय म्हटले, कोठे मत दिले, कोठे गप्प बसला, हे त्या जाडजूड खंडांतून शोधण्यास काही वर्षे लागतील. काम कंटाळवाणे आहे. माझगावच्या टेकडीवरची त्यांच्या नावाची बाग भंडारवाडा जलाशयाच्या माथ्यावर वसली आहे. संध्याकाळी तेथे फिरायला येणाऱ्यांच्या पायांखाली पालिकेचे पाणी साठवलेले असते. मराठी चरित्रकाराने आरंभ करायचा झाल्यास १९०१ च्या खंडापासून करावा, आणि घोषणेचा प्रश्न अगदी शेवटी घ्यावा.